दोन्ही मासे वीतभर लांब, मग गप्पी एकट्या ऑस्करनेच का गिळले?

काचेपलीकडे, धायरी

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

आमच्या घरी दोन टाक्या आहेत. हॉलमधल्या तीन फुटीत एक ऑस्कर, गॅलरीतल्या अडीच फुटीत एक साधा नारिंगी गोल्डफिश. गोल्डफिश पाच वर्षांचा आहे. ऑस्कर गेल्या दिवाळीत आणला तेव्हा जेमतेम तीन इंच होता. दोन्ही टाक्यांत दहा-दहा गप्पी सोडले होते. ऑस्कर आणि गप्पी एप्रिलपर्यंत गुण्यागोविंदाने राहिले. मे महिन्यात एक-एक गप्पी गायब व्हायला लागला आणि पंधरा दिवसांत टाकीत एकही उरला नाही. गॅलरीतले दहाच्या दहा अजून आहेत. काचेवर पट्टी लावून मोजलं, तर आज दोन्ही मासे आठ इंचांच्या आसपास भरतात.

दुकानदार म्हणाला, "मोठा मासा लहान माशाला खातो, त्यात विचारायचं काय?" माझी मुलगी सातवीत आहे. ती तिथल्या तिथे म्हणाली, "मग गोल्डफिश का नाही खात? तोही तेवढाच मोठा आहे." दुकानदाराकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

दुसरी गोष्ट. गोल्डफिश दिवसभर तळाची खडी तोंडात घेतो, घोळवतो आणि थुंकतो. रात्री घर शांत झालं की कट्-कट् असा बारीक आवाज येतो. मागच्या रविवारी टाकी साफ करताना नळीतून तांदळाच्या कणीएवढं काहीतरी पांढरं बाहेर आलं. भिंगातून पाहिलं, तर चक्क दात! पण त्याच्या तोंडात मी कितीदा डोकावले आहे, ओठांच्या आत एकही दात दिसत नाही.

तिसरी गोष्ट सांगताना अजून वाईट वाटतं. फायटर माशांच्या जोडीने अंडी दिली होती, साठेक पिल्लं निघाली. पोहायला लागल्यावर मी उकडलेल्या अंड्याचं पिवळं बारीक करून घालत होते. अन्न त्यांच्या नाकासमोर तरंगत होतं. आठव्या दिवशी एकही जिवंत नव्हतं. गप्पीची पिल्लं मात्र त्याच घरात, त्याच हातचं खाऊन वाढली.

हे सगळं तोंडाच्या आकाराचं आहे, जबड्याचं आहे की स्वभावाचं? कोणी नीट समजावून सांगेल का? मुलीला मी "बघून सांगते" असं कबूल केलंय.

शनिवारवाडा_७२

ताई, आधी एक सांगतो. गोल्डफिश शाकाहारी आहे असं समजू नका. तोंडात मावेल ते तो खातो. गप्पीची नुकती जन्मलेली पिल्लं त्याच्या टाकीत दिसतात का बघा. मोठे गप्पी वाचले, पण पिल्लं वाचत नसणार. बाकीचं जाणकार सांगतील.

टूलरूम, चिंचवड

ताई, मी मासे पाळत नाही. मी मासे खातो, आणि खाण्याआधी उघडून बघतो. 34 वर्षं कारखान्यात जिग, फिक्स्चर आणि डाय बनवण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जातो आणि एक-दोन डोकी जास्तीची मागून आणतो. डोकं पाच-सहा मिनिटं उकळायचं, जुन्या टूथब्रशने मांस हळूहळू काढायचं, हाडं वर्तमानपत्रावर वाळवायची. सुरुवातीला घरात कुरबुर झाली. आता सौ. स्वतःच मरळीचं डोकं बाजूला काढून ठेवते. सांगायचं एवढंच, की खाली लिहितोय ते बरंचसं हाताखालून गेलेलं आहे.

खालचा जबडा हातात घेतला की आधी बिजागरी शोधायची. ती मागे, गालाच्या टोकाला असते. तोंड बंद करणारा गालाचा स्नायू बिजागरीच्या जरासा पुढे येऊन जबड्याला धरतो. म्हणजे टेकू एका टोकाला, जोर त्याच्या जवळ, आणि घास पार दुसऱ्या टोकाला. शाळेत चिमट्याचं उदाहरण देऊन तरफेचा तिसरा प्रकार शिकवतात, तोच हा. माझ्याकडच्या एका मरळीत व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला होता. बिजागरी ते जबड्याचं टोक 58 मिलिमीटर, बिजागरी ते स्नायूची जागा 13 मिलिमीटर. 13 भागिले 58 म्हणजे 0.22. स्नायूने दहा किलोचा ताण दिला, तर टोकाला दोन किलोच्या थोडा वर दाब पोचणार. नुकसानीचा सौदा वाटतो ना? पण स्नायू एक मिलिमीटर आखडला की टोक साडेचार मिलिमीटर सरकतं. जोर गेला, त्याच्या बदल्यात वेग मिळाला. मरळीला वेगच हवा असतो. भक्ष्य निसटायच्या आत तोंड मिटलं पाहिजे. तिचे अणकुचीदार दात धरून ठेवायला आहेत, चावायला नाहीत. पुढचं काम गिळण्याचं.

चिलापीचा जबडा आखूड आहे. एकीत 24 आणि 8 भरले, म्हणजे तीनास एक. दगडावरचं शेवाळ खरवडायचं तर एवढा जोर लागतोच. एका तरफेतून जोर आणि वेग दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. ही अडचण मी आयुष्यभर प्रेसवर पाहिली आणि तीच माशाच्या तोंडात सापडली, तेव्हा खरंच भरून आलं होतं.

आता तुमचा ऑस्कर. तो गप्पीला चावत नाही, ओढतो. लोहाराचा भाता आठवा. मासा आधी तोंड उघडतो, पाठोपाठ जिभेखालचा तळ खाली ढकलतो, सर्वांत शेवटी कल्ल्यांची झाकणं बाहेर फाकतात. आतली पोकळी एकाएकी वाढते, दाब उतरतो, पाणी आत धावतं आणि पाण्याबरोबर गप्पी जातो. पाणी कल्ल्यांतून बाहेर पडतं, गप्पी आत राहतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं.

या ओढीची एक मर्यादा आहे आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. ओढ तोंडाच्या अगदी समोर जबरदस्त असते, पण तोंडाच्या एका रुंदीएवढं लांब गेलं की तिच्यातलं जवळजवळ काहीच उरत नाही. सगळ्या बाजूंनी पाणी येत असतं, त्यामुळे ती विरते. घरी नळीने पाणी ओढून बघा. टोकाजवळची खडी हलते, दोन बोटांवरची ढिम्म हलत नाही. म्हणून रुंद तोंडाच्या माशाची ओढ लांब पोचते, अरुंद तोंडाच्या माशाची जवळच संपते. दोघांची लांबी आठ इंच असली तरी ऑस्करचं उघडलेलं तोंड आणि गोल्डफिशचं तोंड शेजारी ठेवून बघा. मला वाटतं निम्म्याचा फरक निघेल.

गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्या कुळातला. या कुळाचं तोंड निराळंच आहे. रोहूचं डोकं पहिल्यांदा उकळलं तेव्हा वरच्या जबड्याच्या आणि कवटीच्या मध्ये एक सुटं हाड हाताला लागलं. कुठल्याच हाडाशी नीट सांधलेलं नाही, नुसतं दोऱ्यांवर लटकलेलं. मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी तुटलं. पुढच्या डोक्यातही तेच. त्याच्या पुढच्यातही. मग वाचून कळलं की त्याला किनेथमॉइड म्हणतात आणि ते फक्त याच गणातल्या माशांना असतं. ते फिरलं की वरचा जबडा पुढे सरकतो आणि तोंडाची नळी होते. तुमचा गोल्डफिश खडीवर जे करतो ते याच नळीने. तळातलं बारीकसारीक उचलायला इतकं नामी अवजार दुसरं नाही. पळणाऱ्या गप्पीसाठी मात्र ते बनलेलं नाही.

आणि तुम्हाला सापडलेला दात खराच आहे, मुलीला जपून ठेवायला सांगा. गोल्डफिशचे दात घशात असतात. कल्ल्याच्या कमानींपैकी शेवटची, पाचवी कमान दातांची झालेली आहे, दोन्ही बाजूंना चार-चार दात, एकेरी ओळीत. कवटीच्या तळाला शिंगासारखी टणक गादी असते, तिच्यावर हे दात घासतात. जुना दात पडतो, नवा येतो. रात्रीची कट्-कट् त्याच कारखान्यातली असणार. घशातली चक्की एकदा बसवली की पुढच्या जबड्याला चावायची गरज उरत नाही, तो नुसता पकडायला मोकळा होतो. ऑस्करच्याही घशात जबडे असतात, पण पुढचे जबडेही दात असलेले, म्हणजे त्याच्याकडे दोन्ही. मोरे ईल नावाच्या समुद्री वामेचं तर 2007 साली उघड झालं की ती घशातला जबडा चक्क पुढे, तोंडात आणते आणि भक्ष्य आत खेचून नेते.

आता आकार. एप्रिल आणि मे मध्ये ऑस्करचा स्वभाव बदलला नाही, माप बदललं. लांबी दुप्पट झाली की तोंडाची रुंदी दुप्पट, तोंडाचं क्षेत्रफळ चौपट, आतली पोकळी आठपट. म्हणजे पाठीपासून पोटापर्यंत दुप्पट उंचीचा घास मावतो आणि त्या घासाचं वजन आठपट असतं. गप्पीची लांबी इथे बिनकामाची आहे. तो डोक्याकडून आत जातो, म्हणून त्याची उंची मोजायची. एप्रिलपर्यंत पोटुशी गप्पी ऑस्करच्या तोंडात मावत नव्हती, मे मध्ये मावली. एका इंचाने सगळं फिरलं.

एक चूक माझी मीच दुरुस्त करतो. बरीच वर्षं मला वाटायचं की ही सगळी ओढ डोक्यातले स्नायू निर्माण करतात, आणि ते इतके बारके बघून आश्चर्य वाटायचं. 2015 साली लार्जमाउथ बास या अमेरिकी माशावर काम झालं. त्यात दिसलं की जोरदार झडपेतली जवळपास 95 टक्के ताकद अंगाचे, पोहण्याचे स्नायू देतात. पाठीचा स्नायू डोकं वर उचलतो, पोटाचा खांदा मागे खेचतो, आणि डोक्यातले स्नायू प्रामुख्याने लगाम सांभाळतात. आपण रश्श्यात आवडीने खातो ते पाठीचं मांस तोंड उघडण्याच्या कामाचंही असतं, हे कळल्यावर मी मरळीच्या मानेकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

भीमेचा_भोई, भिगवण

टूलरूम काकांनी जे सांगितलं ते आम्ही पाण्यावर रोज बघतो, फक्त आमच्याकडे मापं नसतात.

मरळीला गळ लावायचा तर जिवंत बेडूक किंवा लहान मासा. हलला पाहिजे. घेते तेव्हा दोरी एकदम झटका खाते. रोहूला कणकेचा गोळा. तो ओठांनी चोखतो, दोरी नुसती थरथरते, नवख्या माणसाला कळतसुद्धा नाही. गोळा मोठा झाला तर रोहू कडेकडेने कुरतडून जातो आणि गळ रिकामा वर येतो. दोन किलोचा रोहू आणि दोन किलोची मरळ यांना लागणारा गळ एक मापाचा नाही. गळ माशाच्या वजनावर ठरत नाही, तोंडावर ठरतो. हे आमच्या आज्याने शिकवलेलं.

पण काका, रुंद तोंड म्हणजे मोठा घास, हे कटल्याला लागू नाही. कटल्याचं तोंड बघा, वर वळलेलं आणि घमेल्यासारखं. मीटरभर वाढतो. आणि खातो काय? पाण्यातले डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे. तो तोंड उघडून पाणी घेतो आणि कल्ल्याच्या दाट काट्यांतून गाळतो. त्याचं तोंड म्हणजे चाळण, पिंजरा नव्हे. म्हणून कटला वरच्या पाण्यात, रोहू मध्ये, मृगळ तळाला. मृगळाचं तोंड खाली वळलेलं असतं. तिन्ही बोटुकली एका तळ्यात सोडतात ती याच हिशेबाने, एकमेकांच्या ताटात हात जात नाही.

चिलापीचं एक सांगतो. तिच्या पाठीवरचे काटे तुम्ही हातात घेऊन बघितलेत का? घाबरली की उभे करते. आडवी होती त्यापेक्षा एकदम उंच होते. एकदा जाळ्यात मरळ आली, तोंडात चिलापी अर्धी आत अर्धी बाहेर, दोघी मेलेल्या. मरळीचा अंदाज काट्याएवढा चुकला होता. तो प्रसंग मी विसरलो नाही. आणि हीच चिलापी स्वतःची पिल्लं तोंडात सांभाळते. त्या दिवसांत ती खात नाही, डोकं मोठं आणि अंग वाळलेलं दिसतं.

निळी_वही (प्राणीशास्त्र शिकवते), पुणे

ताई, फायटरच्या पिल्लांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. तुमच्या हातून निष्काळजीपणा झालेला नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लं मरणं ही मत्स्यशेतीतली सर्वांत जुनी डोकेदुखी आहे.

फायटरचं पिल्लू निघतं तेव्हा जेमतेम तीन मिलिमीटर असतं. अंड्याच्या पिवळ्याचा कण आपल्याला धुळीएवढा वाटतो, पण त्याच्या तोंडापुढे तो मोठाच. शिवाय न हलणाऱ्या कणावर फार थोडी पिल्लं झडप घालतात, आणि उरलेलं पिवळं पाणी नासवतं. हे झालं एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तीन मिलिमीटरच्या जिवाला पाणी आपल्यासारखं लागत नाही. आपण हात मारला की पाणी पुढे वाहत राहतं. त्याच्या मापाला पाण्याचा चिकटपणा वरचढ असतो, हालचाल थांबली की पाणीही थांबतं. जणू काकवीत पोहणं. अशा पाण्यात भात्याची ओढ जेमतेमच निर्माण होते. पिल्लू तोंड उघडतं, घास जरा पुढे सरकतो आणि जागच्या जागी राहतो.

2014 साली इस्रायलमधल्या संशोधकांनी हे फार सुंदर रीतीने दाखवलं. त्यांनी सीब्रीम माशाची जरा मोठी, चांगली खाणारी पिल्लं घेतली आणि पाणीच दाट केलं. ती मोठी पिल्लंही नवजात पिल्लांसारखी घास चुकवायला लागली. म्हणजे दोष कौशल्याचा नव्हता, आकाराचा आणि पाण्याचा होता. आजूबाजूला अन्न असूनही उपासमार होते ती अशी. मी वर्गात हा प्रयोग सांगते तेव्हा थोडा वेळ कोणी बोलत नाही.

गप्पी जिवंत पिल्लं देतो आणि ती जन्मताच सहा-सात मिलिमीटर असतात, म्हणून ती तुमच्याकडे जगली. पुढच्या वेळी फायटरच्या पिल्लांना पहिले काही दिवस इन्फ्युसोरिया द्या. कोबीचं पान बरणीत आठवडाभर कुजवलं की पाणी आधी गढूळ होतं, मग निवळतं. त्या निवळत्या पाण्यात सूक्ष्म जीव असतात. ते चमच्याने सोडा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून ताजी फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची पिल्लं). ती अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते आणि झटके देत हलते, पिल्लांना लगेच दिसते.

काकांच्या उत्तरात एक भर. आकार वाढला की सगळंच फायद्याचं होत नाही. मोठ्या माशाचं तोंड उघडायला लहानापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून मोठा मासा लहानशा चपळ भक्ष्यामागे लागत नाही, त्याला ते परवडतही नाही. एकच मासा आयुष्यात तीन-चार वेगवेगळ्या माशांसारखं जेवतो.

आणि मुलीला हेही सांगा. आपल्या दख्खनच्या महाशीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 साली केलं, तो मासा त्यांना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. तोही गोल्डफिशच्याच कुळातला. ओठ जाड, जबडे बिनदाताचे, सगळे दात घशात.

काचेपलीकडे, धायरी

तिघांचे, खरं तर चौघांचे, मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण आम्ही दोघी मोजत होतो.

फोनमध्ये सेकंदाला 240 चित्रं घेणारा स्लो-मोशन आहे. काचेवर मिलिमीटरची पट्टी चिकटवली आणि ऑस्करला दाण्याचा एक-एक घास दिला. साध्या व्हिडिओत दाणा दिसतो आणि पुढच्या चित्रात नसतोच. स्लो-मोशनमध्ये मात्र काकांनी लिहिलेला क्रम जसाच्या तसा आहे: तोंड, मग हनुवटीखालचा भाग, मग कल्ल्यांची झाकणं. मुलीने चित्रं मोजली. तोंड उघडायला सुरुवात झाल्यापासून दाणा आत जाईपर्यंत दहा-अकरा.

ऑस्करचं पूर्ण उघडलेलं तोंड 24 मिलिमीटर भरलं, गोल्डफिशचं 11. आमच्या सर्वांत जाड गप्पीची उंची 10. म्हणजे गोल्डफिशच्या तोंडात ती कशीबशी जाईल, पण आधी तिला अकरा मिलिमीटरच्या आत गाठावं लागेल, आणि तेवढ्यात ती निसटते. शनिवारवाडा यांचंही बरोबर निघालं. गोल्डफिशच्या टाकीत आजपर्यंत पिल्लू दिसलेलं नाही. तिथे पिल्लं होतच नाहीत असं मी समजत होते.

मुलीने स्वतःहून एक प्रयोग केला. दाणा दोऱ्याला बांधून ऑस्करच्या तोंडापासून वेगवेगळ्या अंतरावर धरला. बोटभर अंतरावर दाणा सरळ आत. दोन बोटांवर ऑस्करने दोनदा झडप घातली, दाणा फक्त डुलला. तिसऱ्या वेळी तो पुढे सरकला आणि मग घेतला.

दात तिने काडेपेटीत कापसावर ठेवला आहे. कोबीचं पान परवा बरणीत घातलं. पाणी अजून गढूळ आहे.